मोठ्या बाईंचं वजन

तुकडा हातात होता आणि नव्हताही. वडी पाडावी तसा चौकोनी कापलेला, पंजाएवढा, दोन्ही अंगांना काचतंतूंची पातळ चिवट कातडी आणि मध्ये फिकट पिवळा फोम, दाबला तर दबेल असं वाटायला लावणारा आणि न दबणारा. तळहाताला त्याचा भार म्हणून काही लागतच नव्हता. तिनं तो वरखाली केला, उलटा केला, टेबलाच्या कडेवर आपटून पाहिला... टक्. रिकाम्या घरातून कुणी ओ द्यावी तसा आवाज. म्हणजे ही भिंत. एवढ्याशा जाडीच्या अलीकडे माणसं झोपणार, कूस बदलणार, घोरणार, आणि पलीकडे समुद्र.

तोडून बघा, तुटायची नाही, असं मिस्त्री म्हणाला. तोडायला मी कशाला हवी, समुद्र आहे की, असं ती म्हणाली आणि तुकडा टेबलावर ठेवून दिला. मिस्त्री हसला. तिच्या बोलण्यावर हसायची त्याला जुनी सवय होती.

हा मिस्त्री म्हणजे या बोटींच्या कारखान्याचा मुख्य. नवरा होता तेव्हा दर वर्षी जुनी बोट इथंच पाण्याबाहेर ओढून घेत, तिचं पोट खरवडत, रंग देत. नवरा रंगाच्या डब्यांपाशी रेंगाळायचा आणि ती कारागिरांच्या डोक्यावर उभी. तेव्हापासून ती इथली 'मोठ्या बाई'. धाकट्या बाई तेव्हा कुणी नव्हत्याच, पण नाव पडलं ते पडलं. आता धाकट्या बाई आल्या होत्या, आणि कारखान्यातली माणसं त्यांना धाकट्या बाई म्हणत नव्हती. कॅप्टन म्हणत होती.

कॅप्टन, म्हणजे सून, कारखान्याच्या त्या टोकाला बोटीखाली वाकून उभी होती. वर बोट. अजून रंग नाही, डोलकाठी नाही, खिडक्यांच्या जागी भोकं. दोन लांब, निमुळती पोटं आणि दोन्हींना जोडणारा मधला पूल, त्या पुलावर बसायची-स्वयंपाकाची खोली. कॅटमरान. तिला तो शब्द आवडत नसे, ती 'दोन पोटांची' म्हणे. एक पोट भरताना आयुष्य गेलं, आता दोन, असंही एकदा म्हणून झालं होतं. मुलगा हसला होता, सून नाही. सून एकदम हसत नाही. ती आधी ऐकते, मग मनात कुठंतरी ठेवून देते, मग कधीतरी चार दिवसांनी भांडी पुसताना हसते. अशा माणसाशी भांडायचं कसं? टोमणा मारावा तर तो पोचायला आठवडा लागतो.

मुलगा गोड. इंजिनाचा आणि बायकोचा माणूस. आत्ताही तो शिडीवर चढून कुठल्यातरी भोकात डोकं घालून बसला होता, नुसते पाय दिसत होते, आणि त्या पायांवरूनसुद्धा तो खूश आहे हे कळत होतं.

आज शेवटचं ठरवायचं होतं. कुठली गोष्ट बोटीत बसणार, कुठली नाही, कशाची जागा कुठं. उद्यापासून आतलं सुतारकाम चालू, मग बदल नाही. 'आई, उद्या यायचंय हं, शेवटचं ठरवायला,' असं सून काल म्हणाली होती, ओट्याकडे तोंड करून. उद्या यायचंय... कारखान्यात. त्यापुढं कुठं यायचंय, की नाहीच यायचंय, याबद्दल शब्द नाही. राहतं घर पुढच्या महिन्यापासून भाड्यानं जाणार होतं. घरातल्या कपाटांवर आत्तापासून चिठ्ठ्या लागल्या होत्या: हे द्यायचं, हे ठेवायचं, हे बोटीत. आणि तिच्यावर? तिच्यावर कुठली चिठ्ठी? सकाळी आरशासमोर केस विंचरताना तिनं मान वळवून पाठीकडंही पाहिलं होतं, मग स्वतःचंच हसू आलं होतं, पण ते काही खरं हसू नव्हतं.

बोट निवडण्यात मात्र तिला घेतलं होतं, घेतलं नाही असं म्हणायला जागा नाही. तीन पाहिल्या. पहिली म्हणजे बंगलाच: गुबगुबीत कोच, दोन फ्रीज, खिडक्यांना पडदे. हिला समुद्रात नका घालू, चौकात उभी करा आणि चहा विका, असं ती तिथल्या विकणाऱ्याच्या तोंडावर म्हणाली होती. सुनेनं फक्त विचारलं होतं, भरल्यावर ही वाऱ्यात किती चालते, आणि विकणाऱ्यानं कोचाबद्दल सांगितलं होतं. दुसरी काळीभोर, शर्यतीची, उपाशी घोड्यासारखी. आत संडासाला दार नाही, दाराचंही वजन होतं म्हणे. मग तिसरी, ही. वेगात पळणारी, पण माणसानं राहावं इतपत माणसाळलेली. सून हिच्या पोटावरून हात फिरवत गेली होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि तिला तेव्हाच कळलं होतं, झालं, ठरलं. मुलीनं मुलगा पसंत केला की तिच्या आईला जसं आधी कळतं, तसं.

प्रवाशांना घेऊन लांबच्या बेटांवर जायचं, आठ-पंधरा दिवसांच्या फेऱ्या, तिच्या नवऱ्यानं केलं होतं तेच, फक्त तिप्पट वेगानं. आणि त्या वेगासाठी हलकं राहायचं. इथूनच सगळी वजनाची कथा सुरू झाली. घरात तराजू आला. पातेली तोलली गेली. जाड बुडाची गेली, पातळ राहिली. पुस्तकं गेली. सुरीच्या मुठीसुद्धा... एकदा मुलगा दाढीच्या ब्रशची मूठ कापताना सापडला, तेव्हा ती म्हणाली, बाबा रे, त्यापेक्षा दाढी वाढव किंवा जेवण कमी कर. पण मनात कुठंतरी ती धास्तावली. या घरात इतकी वर्षं वजन म्हणजे तीच होती. आईचं वजन आहे म्हणून पोरं सरळ, आईचं वजन आहे म्हणून गल्लीत कुणी वाकडं बोलत नाही. आणि आता वजन हा शब्दच घरात शिवीसारखा झाला होता. 'याचं काय काम? वजन नुसतं.' सून हे कुठल्याशा लोखंडी स्टँडबद्दल बोलली होती. ती स्वतः शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी तशीच राहिली.

हिशेब तर तिनं केव्हाच केला होता. डाव्या पोटात प्रवाशांच्या दोन खोल्या, एक पुढं, एक मागं. उजव्या पोटात मागं नवरा-बायकोची, मध्ये न्हाणी आणि पुढं... पुढं कोठी. शिडं, दोर, हत्यारं. पहिल्यापासून त्या दोघांच्या बोलण्यात ती 'पुढची कोठी'च होती. तीन खोल्या, तिन्ही भरलेल्या. यात आईची कुठली हे काढायला शाळा शिकावी लागत नाही.

आणि वर तो 'आम्ही'. घर बघायला भाडेकरू आला होता, बायको-मुलीला घेऊन, तेव्हा मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "आम्ही पुढच्या महिन्यात निघतोय." ती तिथंच होती, त्याच्या कोपराशी, पाण्याचे पेले घेऊन. आम्ही. 'आपण' नाही. पेले तिनं भाडेकरूच्या हातात दिले, त्याच्या मुलीला आधी. पण त्या रात्रीपासून तो शब्द दाताखाली खड्यासारखा. भात बदलला, पाणी बदललं, खडा तोच. आम्ही निघतोय. जा की. अडवलंय कुणी?

बहिणीनं मात्र विचारलं. फोनवर, सरळ: येतेस का माझ्याकडं, खोली रिकामीच आहे, दोघी म्हाताऱ्या भांडत बसू. तिनं बघू म्हटलं. बघू म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही... आज घरी गेल्यावर फोन करायचा, हो म्हणून टाकायचं. पण त्याआधी इकडं एकदा कुणी विचारायला हवं होतं. कारण तिचं वाक्य तयार होतं. 'नको गं बाई, माझी हाडं जमिनीलाच बरी. तुमचं तुम्हाला लखलाभ.' महिनोन्‌महिने घडवलेलं. आधी ते लांबलचक होतं, त्यात नवरा होता, जुनी बोट होती, रात्री-अपरात्री धरलेलं सुकाणू होतं. मग तिनंच एकेक काढून टाकलं. आता ते हलकं झालं होतं, धारदार, जिभेच्या टोकाशी बसलेलं. पण नकाराला आधी आमंत्रण लागतं. न विचारता 'मी नाही येत' म्हणणारा म्हणजे न बोलावता पंगतीला बसणाऱ्याचाच भाऊ. ते तिच्यानं होणार नव्हतं. मेली तरी.

"आई, वर येताय? नांगराचं बघायचंय," सुनेची हाक आली.

वर म्हणजे शिडी. लोखंडी, उभी, पायऱ्या म्हणजे नुसते गज. तिनं पदर खोचला, आजूबाजूला पाहिलं, उजवा पाय वर ठेवला, डावा त्याच्याजवळ आणला. परत उजवा. कुणी बघत असेल तर बघणाऱ्याला वाटावं, बाई सावकाश चढतेय, रुबाबात चढतेय. डाव्या गुडघ्यात काहीतरी आहे, वर्षभर झालं, बिजागरीत वाळू गेल्यासारखं. डॉक्टरला दाखवलेलं नाही, घरात बोललेली नाही. गुडघा सांगितला की माणसं गुडघ्याशीच बोलायला लागतात.

वर डेकवर उघडा, पांढुरका प्रकाश होता आणि घासलेल्या रेझिनचा वास. पुढच्या टोकाला दोन पोटांच्या मध्ये जाळं बांधणार होते, चालायला. आत्ता तिथं नुसती पोकळी होती आणि खाली कारखान्याची जमीन. तिनं खाली पाहिलं नाही. नांगराचा वाद दोन महिन्यांचा जुना. मिस्त्रीचं म्हणणं, एवढ्या हलक्या बोटीला लहान नांगर पुरे, साखळी थोडी आणि पुढं दोर, केवढं वजन वाचतं. ती म्हणाली, दिवसा सगळ्या बोटी चांगल्याच असतात, रात्री वारा फिरला की नांगर तेवढा चांगला लागतो. तिथं काटकसर करायची तर घरीच बसा. बोलताना तिला वाटलं, आता सून वजन काढणार. पण सून म्हणाली, आईंचं बरोबर आहे, नांगर एक माप मोठाच घ्या, आणि साखळी पूर्ण. त्याबदल्यात ती मागची, दोर ओढायची दुसरी विजेची विंच नको, शीड मी हातानं ओढीन.

जिंकली. मिस्त्रीनं मान डोलावली. पण जिंकल्याचं काही वाटलं नाही. पूर्वी असं नांगरावरून जिंकलं की दिवसभर अंगात ऊब असायची, नवऱ्याला येता-जाता टोचता यायचं. आता नुसतं 'बरं' वाटलं, आणि कुठं टेकायला मिळेल का असं वाटलं. मेलं हे थकणं तरी कुठून येतं? काम तर पूर्वीच्या पाव हिश्शाएवढंही राहिलं नाही. पूर्वी झोपून उठलं की जायचं. आता झोपेतून उठताना ते आधी उठलेलं असतं, चप्पल घालून तयार.

सुकाणूपाशी वाऱ्याचे-वेगाचे आकडे दाखवणाऱ्या तीन छोट्या पडद्यांची जागा आखली होती. सगळं तोलून-मापून घेणाऱ्या बाईला तीन-तीन पडदे कशाला लागतात, असं तिनं विचारलं. टोमणाच होता. सुनेनं तो खरा प्रश्नच धरला.

"जुन्या बोटीत तुम्हाला वारा वाढल्याचं कसं कळायचं?"

कसं म्हणजे? कलायची की. पेले घसरायचे, चिरता चिरता बटाटा आपला आपण पळायचा, वरून नवरा ओरडायच्या आधी खाली स्वयंपाकात तिला कळलेलं असायचं की आता शीड कमी करायला हवं. पायांना कळायचं. आणि कितीही आडवी झाली तरी भीती नाही, पोटाखाली शिशाचा हा एवढा ठोकळा, तो तिला ओढून परत उभी करायचा. एकदा तर डोलकाठीचं टोक पाण्याला लागलं होतं, लागलं होतं म्हणजे नवरा तसं सांगायचा...

"हिला ठोकळा नाही," सून म्हणाली. "ही रुंदीवर उभी आहे. वारा वाढतो, वाढतो, आणि ही कलतच नाही. आत चहासुद्धा सांडत नाही. सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि मग एकदम उलटते. उलटली की परत उभी राहत नाही. म्हणून पायांवर भरवसा ठेवायचा नाही, आकडा बघत राहायचं. आकडा वाढला की, ही काही बोलत नसली तरी, शीड कमी."

मिस्त्रीनं पडद्यांच्या तारा कुठून जाणार ते दाखवायला सुरुवात केली. ती मान डोलावत राहिली. जी कलत नाही ती कळत नाही. वाक्य डोक्यात आपोआप जुळलं, तिला अशी वाक्यं जुळतात, पण ते कुणाला ऐकवावंसं वाटलं नाही. नवरा गेला त्या महिन्यातली फेरीसुद्धा तिनं चुकवली नव्हती. प्रवासी आले, त्यांना जेवायला वाढलं, बिछाने घातले, सुकाणूवर बसली. किनाऱ्यावरची माणसं म्हणाली, बाई आहे की लोखंड. तिला तेव्हा ते आवडलं होतं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं होतं. पण लोखंडाला कोण विचारतं, दुखतंय का म्हणून? आणि दुखतंय हे सांगायला लोखंडाला तोंड कुठं असतं...

नवऱ्यानं तरी कधी विचारलं होतं? जेवताना म्हणाला, बोट घेतली. तिनं वाढता वाढता विचारलं, कुणाची? आपली, तो म्हणाला, सोमवारी निघू. संपलं. त्या 'आपली'त आणि त्या 'निघू'त ती होती, पोरगं होतं, सगळा संसार होता. पहिले कितीतरी दिवस ती बोटीच्या कडेला लटकून ओकत होती आणि मनात नवऱ्याला शिव्या घालत होती, पण आपल्याला विचारलं नाही हे त्या शिव्यांमध्ये नव्हतं. तेव्हा विचारणं ही गोष्टच नव्हती. मग आत्ताच का लागावी? वय झालं म्हणून? की तेव्हा शब्द 'आपण' होता म्हणून...

"मोठ्या बाई, उजव्या पोटात चला, तुमचंच राहिलंय," मिस्त्री म्हणाला आणि पुढं होऊन आतल्या पायऱ्या उतरूही लागला.

तुमचंच? तिला वाटलं, काहीतरी मत विचारायचं असेल, कोठीच्या फळ्यांबद्दल. शिडं कशी रचायची हे तिच्याइतकं कुणाला कळतं? चला, कोठीपुरती तरी गरज आहे. ती उतरली, एका हातानं भिंत धरून, उजवा पाय आधी. सून मागून आली. आत अरुंद, लांबट, बोगद्यासारखं, छताच्या भोकातून येणारा उजेड आणि त्यात तरंगणारी पांढरी धूळ. पुढच्या टोकाला कोठी असायला हवी होती तिथं फळ्या नव्हत्या. खडूनं आखलेली एक लांब चौकट होती, भिंतीलगत, गुडघ्याच्या उंचीवर, आणि तिच्यावर तात्पुरतं एक प्लायवूड टाकलेलं.

मिस्त्री सांगत राहिला. या अशा बारीक पोटाच्या बोटीत बिछाना छातीएवढ्या उंचीवर असतो, वर पोट रुंद होतं म्हणून. कॅप्टननं खाली घ्यायला लावलाय, त्यामुळं रुंदी जाते, एकाच माणसाला पुरेल, पण चढावं लागत नाही. फक्त नेमकी उंची हवी, म्हणजे मोठ्या बाईंनी एकदा बसून दाखवावं. आणि काळजी नको, तोल बघितलाय.

"तुमचं वजन धरलंय ना आम्ही. तुम्ही आणि तुमचं सामान उजव्या पोटात, म्हणून सगळ्या बॅटऱ्या डाव्यात हलवल्या," मिस्त्री म्हणाला.

तिच्या डोळ्यांपुढं आधी बॅटऱ्याच आल्या. काळ्या, चौकोनी, गप्प, एका ओळीत मांडलेल्या, डाव्या पोटाच्या तळाशी. आणि इकडं उजव्या पोटात ती. तोलाला तोल. हसू आलं असतं, दुसरा कुठला दिवस असता तर. पण आलं ते रागासारखं होतं, आणि तिनं त्याला रागच म्हटलं, कारण रागाचं काय करायचं हे तिला ठाऊक होतं.

"माझं वजन धरलं," ती म्हणाली, "मला विचारलं कुणी?"

मिस्त्रीनं सुनेकडं पाहिलं, मग तिच्याकडं, मग वर काहीतरी विसरल्यासारखं करून तो पायऱ्या चढून गेला. शहाणा माणूस.

सून तशीच उभी. कपाळावर धूळ. "काय विचारायचं?"

"येणार का म्हणून."

"तुम्हाला?" सुनेला खरोखरच कळत नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता. "परक्याला विचारतात, आई. घरातल्या माणसाला काय विचारायचं? मला कुणी विचारलं?"

"भाडेकरूला सांगताना तुझा नवरा काय म्हणाला? आम्ही निघतोय. माझ्या कानांनी ऐकलंय. आम्ही."

सुनेनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं. मग, आठवडा न लावता, तिथल्या तिथं हसली. "मग त्या भाडेकरूला काय 'आपण निघतोय' म्हणणार? त्याला नेतोय का आपण?"

वरून मुलाचा काहीतरी ठोकल्याचा आवाज येत होता. ठक् ठक्... थांबून... ठक्. तिनं तो शब्द पुन्हा तोंडात फिरवून पाहिला. आम्ही. ज्याच्याशी बोलतोय त्याला वगळून बाकीचे सगळे. ती तर वगळलेल्यांत नव्हतीच. ती बोलणाऱ्याच्या कोपराशी उभी होती, पेले घेऊन, बोलणाऱ्याच्या बाजूला. जन्म गेला ही भाषा बोलण्यात, या जिभेवर माणसं नाचवण्यात, आणि एका साध्या शब्दाची कुठली बाजू आत आणि कुठली बाहेर हे कळलं नाही. की कळून घ्यायचं नव्हतं? कारण मग त्या तयार वाक्याचं काय झालं असतं...

"उभ्या राहू नका," सून म्हणाली. "बसा. डावा गुडघा दुखतोय ना."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. वर्षभर बघतेय. जिना चढताना उजवा पाय आधी टाकता, प्रत्येक पायरीला."

ती बसली. प्लायवूड कर्रकन वाजलं. उंची बरोबर होती. पाय सरळ जमिनीला टेकले, गुडघ्यानं कुरकुर केली नाही. आणि खरंच अरुंद होतं, एका माणसाचं. हात पसरला तर एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. तिनं हात पसरला नाही. हिनं दुसरी विंच सोडली मघाशी, हातानं ओढीन म्हणाली, ती नांगरासाठी; मग या जागेसाठी काय सोडलं असेल? शिडं कुठं ठेवणार? कोठी तर गेली. विचारावंसं वाटलं आणि विचारलं नाही. उपकाराची मोजदाद करायला बसलं की माणूस लहान होतो, आपणही आणि समोरचाही.

सून समोर जमिनीवर बसली, भिंतीला पाठ टेकून, अरुंद जागेत गुडघे पोटाशी घेऊन. आता तिच्या आवाजात कॅप्टन नव्हती.

"माझं चुकलं असेल. मला वाटलं, विचारलं तर तुम्हाला लागेल. आपलं घर असून विचारतात, असं वाटेल. राहिलं ते. मग आता विचारते." तिनं मान वर केली. "येणार का, आई?"

आला प्रश्न. इतके महिने ज्याची वाट पाहिली तो, समोर, धुळीनं माखलेला. आणि तो येताच तिला काय झालं म्हणावं? पहिल्यांदा वाटलं ते हे की आत्ता, या क्षणी, आपण पाहुणे झालो. मघापर्यंत बॅटऱ्यांच्या समोर तोललेली होती, न विचारता, घरातली. आता तिला नाही म्हणता येत होतं. जिला नाही म्हणता येतं ती बाहेरचीच की थोडी. मागून घेतलं मी हे, स्वतःच्या तोंडानं मागून घेतलं. मग वाक्य आठवलं. नको गं बाई, माझी हाडं... तिनं तोंड उघडलं. वाक्य होतं, सगळं होतं, शब्दन्‌शब्द. पण ते दारातून विचारल्या जाणाऱ्या प्रश्नासाठी शिवलेलं होतं, चपला घालता घालता, मान राखायला विचारलेल्या. या प्रश्नाच्या अंगाला ते बसेना. ही तर बसून विचारत होती. हिला खरंच ऐकायचं होतं.

मग 'हो' म्हणावं, तर तेही हाताला आलं ते गुडघ्याचं होतं, खाली घेतलेल्या बिछान्याचं, हलवलेल्या बॅटऱ्यांचं. माझं नव्हतं. त्याच्याही खाली... ती स्वतःत आणखी खाली उतरली, एका हातानं भिंत चाचपत, आणि तळाशी कुणीतरी असेल, हो म्हणणारी किंवा नाही म्हणणारी, ठणकावून सांगणारी कुणी बाई असेल असं तिला वाटलं होतं. तिथं नुसता थकवा बसला होता. मोठा, शांत, काही न मागणारा. कधीपासून बसला होता कुणास ठाऊक. त्याला कुणी विचारलं नव्हतं, तुला काय हवंय म्हणून. नवऱ्यानं नाही, पोरानं नाही. मीसुद्धा नाही.

"अगं, झालं का तुमचं?" वरून मुलाची हाक आली. "मिस्त्री उंची विचारतोय."

"थांब," सून वर न बघता म्हणाली.

थांबली. खरंच थांबली ती, घड्याळाकडं न बघता, बोटांनी काही न वाजवता. आपल्या उत्तरासाठी कुणी असं जमिनीवर बसून थांबतं, हे तिला आजवर माहीत नव्हतं. आणि अशा वेळी तोंडावर काय ठेवायचं असतं, तेही.

"विचारलंस ना," ती शेवटी म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजाला धार नाही हे तिला ऐकू आलं. "मग आता विचार करू दे."

"करा."

बहिणीला आज फोन करायचा नाही, एवढं तिला कळलं. त्यापलीकडचं काही नाही. छताच्या भोकातून येणारा उजेड सुनेच्या खांद्यावरून सरकून जमिनीवर आला होता. उत्तर तयार नसताना माणसानं कसं बसायचं असतं, हे तिला या वयापर्यंत ठाऊक नव्हतं. ती बसून राहिली.